पहिल्या सामन्याआधी

प्रिय बाळा,

परवा फोनवर अमेरिकेतल्या तुझ्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात सगळं छान चाललंय म्हणत होतीस आणि मध्येच विचारलंस, "मावशी, पहिल्या सामन्यात वीस पॉइंट नाही झाले तर?" तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. मराठी वाचताना कुठे अडलीस तर आईला विचार.

शाळेत असताना देशातल्या निवडक बास्केटबॉलपटू मुलींच्या यादीत तुझं नाव आलं, ते तू घामाने मिळवलंस. पण ती यादी म्हणजे सतराव्या वर्षीचा खेळ पाहून विसाव्या वर्षाबद्दल बांधलेला अंदाज आहे. अंदाज बांधणारे दुसरे, आणि तो खरा करून दाखवण्याचं कर्ज मात्र तू स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसली आहेस.

अझी फड आठवते ना? २०२१ मध्ये कॉलेजात आलेल्या मुलींच्या अशाच यादीत ती पहिल्या क्रमांकाची. त्याआधीच, २०१९ मध्ये, तिच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं होतं. यूकॉनमध्ये, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठात, पहिल्या वर्षी पाय दुखावला, दुसऱ्या वर्षी गुडघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर सरावात पुन्हा लिगामेंट गेलं आणि दोन सामन्यांतच हंगाम संपला. तेव्हा तिच्याबद्दल लोक काय काय बोलत होते, ते मी वाचलंय. एप्रिल २०२५ मध्ये कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात यूकॉनने साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असं हरवलं. अझीचे २४ पॉइंट होते आणि फायनल फोरची, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या फेरीची, सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली. कॉलेजात पाऊल ठेवल्यापासून चौथा हंगाम होता तो.

मुलांना वर्षभरात एनबीएची, म्हणजे व्यावसायिक लीगची, घाई लागते. तुमच्यासाठी डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे बायकांच्या लीगचा, नियम वेगळा आहे: ज्या वर्षी निवड होणार त्या वर्षात बावीस पूर्ण व्हायला हवीत किंवा कॉलेजची चार वर्षं. अनेक मुलींना हा नियम जाचक वाटतो. मला तो तुझ्यासाठी चांगला वाटतो, कारण तुला शिकायला अवधी आहे.

आणि शिकायचं खूप आहे. शाळेत बत्तीस मिनिटांचा सामना, इथे चाळीस. थ्री-पॉइंटची रेषा १९ फूट ९ इंचांवरून थेट २२ फुटांच्या पलीकडे गेली. सुरुवातीला तुझे शॉट रिंगपर्यंत पोहोचणार नाहीत, विशेषतः शेवटच्या दहा मिनिटांत, पाय जड झाल्यावर. त्या वेळी शॉट मारायची हाताची पद्धत बदलू नकोस. पाय तयार कर. समोर बावीस वर्षांची मुलगी असेल, तीही आपल्या शाळेची तारकाच होती.

म्हणून कोचना जाऊन एकच विचार: "मी मैदानावर राहावं म्हणून तुम्हाला माझ्याकडून काय हवंय?" उत्तर बहुतेक डिफेन्स आणि रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं, असंच येईल. ते लोक शेअर करतात त्या व्हिडिओत दिसत नाही, पण खेळायची मिनिटं त्यावरच मिळतात. मीही विद्यापीठाच्या संघात पहिलं वर्ष बाकावर काढलं. तेव्हा रडले खूप. पण अडवताना प्रतिस्पर्ध्याचे डोळे सोडून कंबर पाहायची, हे त्या बाकावरून बघतच शिकले. आजही मुलींना तेच शिकवते.

बाबांना प्रेमाने सांग, मिनिटांसाठी कोचना फोन करायचा नाही. त्यांना काळजी आहे, पण तुझ्या वतीने तूच बोलायचंस. तुझं नाव जाहिरातीत वापरल्याबद्दल मिळणाऱ्या पैशातला कराचा भाग आधी बाजूला काढायचा आणि सरावाच्या दिवशी जाहिरातीचं शूटिंग घ्यायचं नाही. ट्रान्सफर पोर्टलचा, म्हणजे दुसऱ्या कॉलेजच्या संघात जायला नाव नोंदवण्याचा, विचार डिसेंबरच्या रागात करू नकोस. हंगाम संपू दे, मग आपण दोघी बसून बोलू.

सामना झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन मैत्रिणीकडे ठेव. स्तुतीही वाचू नकोस, तिचीही सवय लागते.

पहिल्या घरच्या सामन्याला मी येतेय. तारीख लवकर कळव, मला रजा टाकावी लागेल. नंतर जेवताना मी पॉइंट विचारणार नाही. कुणाला अडवलंस आणि कसं, ते मात्र सविस्तर सांग.

तुझी,
मावशी