मुलं प्रोजेक्ट विकत आणतात, काय करू?

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी तिसऱ्या वर्षाला ‘इनोव्हेशन’ शिकवते. मुलं तयार प्रोजेक्ट विकत आणतात, नाहीतर दरवर्षी तेच स्मार्ट डस्टबिन. समस्याधारित शिक्षणाबद्दल ऐकलंय. पण साठ मुलं आणि आठवड्याला दोन तास, यात ते बसवायचं कसं?

उत्तर : मॅडम, आपण प्रोजेक्ट मागतो म्हणून मुलं प्रोजेक्ट आणतात. आधी समस्या मागा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये वैद्यकीय शिक्षण याच दिशेने सुरू केलं : आधी रुग्णाची तक्रार, मग तिच्या मागचं शास्त्र. डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठात इंजिनीअरिंगची मुलंही गटाने एक खरा प्रश्न घेऊन शिकतात.

तुमच्या तर दाराशी गुऱ्हाळं आहेत. तिथे रस काढून उरलेलं उसाचं चिपाडच चुलाणात, म्हणजे भट्टीत, जाळून रस आटवतात. ‘चुलाणाची कार्यक्षमता वाढवा’ असा विषय मात्र देऊ नका. त्यात निम्मं उत्तर आलंच. एवढंच सांगा : ‘रस आटवायला चिपाड पुरत नाही, अशी तक्रार आहे. का पुरत नसेल?’ आणि वजनकाटा, थर्मामीटर देऊन पाठवा. चिपाड कितपत वाळलंय? धुराड्यातून किती गरम हवा जाते? ओल्या चिपाडातलं पाणी उडवण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते, हे तिथे कळलं की थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक मुलं आपणहून उघडतात. एखादा गट धुराड्याच्या उष्णतेवर रस आधीच तापवायचं सुचवेल. दुसरा म्हणेल, यंत्र नकोच, चिपाडावर पत्र्याची शेड घाला. आकडे दाखवून पटवलं, तर त्यालाही पूर्ण मार्क द्या. माझ्या मते तेच खरं इनोव्हेशन.

सहा-सहाचे दहा गट करा, समस्या सगळ्यांना एकच. पहिल्या तासाला प्रत्येक गटाने लिहायचं : काय माहीत आहे, काय शोधायचंय, कोण शोधणार. पुढच्या आठवड्यात ते आणायचं. तुम्ही गटागटात फिरून फक्त ‘हे कशावरून?’ विचारायचं. मुलं सुरुवातीला चिडतात. माझ्या वर्गात तर ‘सर, हे कुठल्या युनिटमध्ये येतं?’ हा प्रश्न ठरलेला असायचा. तरी उत्तर सांगू नका.

अंतर्गत मूल्यमापनाचे निम्मे मार्क काही बनवण्याआधीच, वहीतल्या नोंदींवर आणि समस्या कशी मांडली त्यावर द्या. वस्तू विकत मिळते. गुळव्याशी झालेल्या बोलण्याची वही मिळत नाही.

हंगाम दिवाळीच्या आगेमागे भरात येतो, म्हणून शक्य असेल तर विषय दुसऱ्या सत्रात घ्या. आणि मुलांना नेण्याआधी एकदा स्वतः गुऱ्हाळवाल्याला भेटून या. काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उतरायच्या वेळी तिथे कुणाला बोलायला सवड नसते. आधी वेळ ठरवलेली बरी.