चार दिवस एका वेळेपायी

प्रश्न: हरिहरेश्वरला आमचा होमस्टे आहे. मुलगा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. समुद्रकाठच्या कातळावरून देवळाच्या प्रदक्षिणेला जाणाऱ्या पाहुण्यांना ओहोटीची वेळ कळावी म्हणून त्याने पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वेबसाइट केली. नोव्हेंबरात मिनिटांच्या जागी सतत ११ यायचे. ते त्याने सुधारलं, तर आता पौर्णिमेची ओहोटी दुपारी साडेबाराला दाखवतंय. चार दिवस त्यातच अडकलाय. त्याला हे क्षेत्र झेपेल, की बँकेच्या परीक्षांना बसवू?

उत्तर: नमस्कार. बँकेच्या परीक्षा वाईट नाहीत, पण या चार दिवसांवरून त्याला तिकडे वळवू नका.

पीएचपीत वेळ कशी छापायची ते एकेका अक्षराने सांगतात. छोटा एम म्हणजे महिना, मिनिटांना आय. मिनिटांच्या जागी एम पडला की महिनाभर ११. नोकरी करणारेही इथे चुकतात. त्याने स्वतः शोधून काढलं, हे मला फार आवडलं.

साडेबाराचं प्रकरण मात्र गंभीर आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे तुम्हा किनाऱ्यावरच्यांना मी काय सांगणार! पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास समुद्र भरलेला आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास. सर्व्हरवर टाइमझोन ठरवून दिला नाही तर पीएचपी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ धरतं, आणि आपलं घड्याळ त्याच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. सहातून साडेपाच तास गेले, साडेबारा उरले. भरती-ओहोटीत अंतरच जेमतेम सव्वासहा तासांचं, त्यामुळे या चुकीने ओहोटीच्या नावाखाली भरतीची वेळ दिसते. ती वाचून एखादं कुटुंब पोराबाळांसकट कातळातल्या पायऱ्या उतरलं तर?

त्याला सांगा, वेळ साठवताना यूटीसीतच ठेव, दाखवताना 'आशिया/कोलकाता' लाव. तारखेत तिरकी रेघ नको. २०२५ची त्रिपुरी पौर्णिमा ०५/११/२०२५ अशी दिली तर पीएचपी ती ११ मे समजतं. ०५-११-२०२५ दिली की बरोबर ५ नोव्हेंबर.

झेपेल का म्हणता? बुकिंग असो, पगार असो, तारीख-वेळ चुकली की माणसाचं नुकसान होतं, आणि ती बरोबर येईपर्यंत न उठणारी मुलं कंपन्यांना हवी असतात. कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, ठेवू दे. इंटर्नशिपच्या मुलाखतीत हीच ओहोटीची गोष्ट सांगू दे.

पण आधी, आजच, ती वेळ साइटवरून काढायला लावा. दुरुस्त होईपर्यंत पाहुण्यांना तुम्हीच तोंडी सांगा.