त्या शाळेतल्या मुलींनी शिकून काय केले?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. ३ जानेवारीला बालिका दिनानिमित्त तिला सावित्रीबाई फुले यांच्यावर भाषण करायचे आहे. मिळाली त्या पुस्तकांत पुण्याच्या भिडे वाड्यातली मुलींची शाळा, १८४८ साल आणि अंगावर फेकलेले शेण यांपलीकडे फारसे काही नाही. त्या शाळांत मुली काय शिकत आणि शिकून त्यांनी काय केले, असे ती मला विचारते. मी तिला काय सांगावे?
— एक पालक, सातारा

उत्तर : आपल्या मुलीचा प्रश्न हाच भाषणाचा विषय व्हावा. सावित्रीबाईंनी सोसलेला छळ आपण दरवर्षी सांगतो. परंतु ज्यांच्यासाठी तो सोसला त्या मुलींपैकी एकीचेही नाव घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

फुले दांपत्याच्या शाळांत वाचन, व्याकरण, गणित, इतिहास, भूगोल हे विषय शिकवले जात. तिथे तीन वर्षे शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीचा 'मांग महाराच्या दुःखाविषयी' हा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी व मार्चमध्ये 'ज्ञानोदय' पत्राने दोन भागांत छापला. वेद ही आपलीच मत्ता आहे असे ब्राह्मण म्हणतात, तर मग आम्हाला धर्मपुस्तकच नाही हे उघड आहे; तेव्हा देवा, तुझ्याकडून आलेला आमचा धर्म कोणता ते आम्हाला कळव, असा तिचा बिनतोड युक्तिवाद आहे. पेशवाईत मांग-महारांना तेलशेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरीत, हेही ती लिहिते. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बाळंतिणींविषयीचा भाग. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसते, थंडी-वारा-पावसात त्यांचे काय हाल होत असतील ते स्वतःच्या अनुभवावरून ताडून पाहा, आणि त्यातच दुखणे आले तर औषधाला पैसा कुठला, असे ती वाचणाऱ्यांना थेट विचारते. जातीचे दुःख आणि बाईचे दुःख एकाच देहावर येते, हे तिने इतक्या लहान वयात ओळखले होते.

लिहित्या स्त्रिया सगळ्याच शाळेतून घडल्या असे नाही. १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिणाऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे वडिलांच्या प्रोत्साहनाने घरीच शिकल्या होत्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाल्यावर वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले, त्याला ताराबाईंचे हे सणसणीत उत्तर होते.

मुलींच्या शिक्षणाला विरोध मात्र पुढेही होत राहिला, फक्त त्याची तऱ्हा बदलली. १८८४ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदींनी पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे आजची हुजूरपागा, काढले, त्यानंतरच्या काळात लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने आणि 'मराठा'ने मुलींनी इंग्रजी शिकण्यावर आणि शाळेच्या अकरा ते पाच या वेळेवर टीका केली. मुलीने शिकावे, पण घरकाम आटोपून आणि संसाराला लागेल तेवढेच, अशी ही अट होती. लेकीला अमुक शाखा नको किंवा दूरचे कॉलेज नको म्हणणाऱ्या आजच्या घरांत तीच अट वेगळ्या शब्दांत ऐकू येते, हे भाषणात अवश्य सांगावे.

मुक्ताचा निबंध लहान आहे. बाळंतिणींचा परिच्छेद मुलीने मुक्ताच्याच शब्दांत वाचून दाखवावा आणि निबंध शाळेच्या ग्रंथालयात नसेल, तर त्याची प्रत वर्गात लावण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडे मागावी.