टेम्प्लेटवरची फाइल दुसऱ्याकडे का बिघडते? वाचकांची प्रश्नोत्तरे

खान्देशातल्या कुठल्याही गावचं पत्र उघडा, तक्रार तीच: ‘माझ्याकडे फाइल नीट दिसते, समोरच्याकडे विस्कटते.’ म्हणून या वेळी फक्त वर्डच्या टेम्प्लेटचे, म्हणजे ज्यावरून नवी फाइल तयार होते त्या साच्याचे, प्रश्न घेतले आहेत.

प्रश्नपत्रिका शाळेच्या टेम्प्लेटवर केली आहे. छपाईला देताना टेम्प्लेटही द्यायचं का? – शिक्षिका, अमळनेर

नाही. स्टाइल (शीर्षक, परिच्छेद यांचं ठरवून ठेवलेलं रूप), समास, हेडर-फुटर फाइलमध्येच उतरलेले असतात. छपाईला पीडीएफ द्या.

आमच्या पतसंस्थेचं टेम्प्लेट सर्व शाखांकडे आहे. मी पाठवलेली नोटीस यावल शाखेत उघडली की शीर्षक मोठं होतं, ओळींमधलं अंतर बदलतं. तिथले म्हणतात व्हायरस आहे, विंडोज नव्याने टाकावी लागेल. – लिपिक, रावेर

व्हायरसच्या नावाने पैसे घालवण्याआधी एक खूण बघा. डेव्हलपर टॅबमध्ये ‘डॉक्युमेंट टेम्प्लेट’ उघडा. फाइल कोणत्या टेम्प्लेटला जोडली आहे ते वर दिसेल आणि त्याखाली ‘ऑटोमॅटिकली अपडेट डॉक्युमेंट स्टाइल्स’ असा चौकोन. त्यात टिक असेल, तर फाइल उघडताना वर्ड त्या संगणकावरच्या टेम्प्लेटमधल्या स्टाइल घेतं आणि तुमच्या स्टाइल पुसतं. शाखेत कुणी टेम्प्लेटमधलं शीर्षक मोठं करून ठेवलं असेल, तर तुमची नोटीस तिथे तशीच दिसणार. ती परत आली की तुमच्याकडे पुन्हा तुमच्यासारखी होणार. दोघंही खरं बोलतात आणि दोघंही एकमेकांना दोष देत बसतात!

फाइल साध्या ‘नॉर्मल’ टेम्प्लेटवर असेल तर धोका जास्त, कारण ‘नॉर्मल’ प्रत्येकाच्या संगणकावर असतं आणि प्रत्येकाचं निराळं असतं. तेव्हा बाहेर जाणाऱ्या फाइलमधली टिक काढून टाका. स्टाइलच्या ‘मॉडिफाय’ खिडकीतही ‘ऑटोमॅटिकली अपडेट’ आहे, पण ते वेगळं प्रकरण: एका परिच्छेदाला हात लावला की त्या स्टाइलचे सगळे परिच्छेद बदलतात. तीही टिक नको. आणि टेम्प्लेट बदलण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. तो माणूस कोण, हे व्यवस्थापकांशी बोलून आजच ठरवा. मार्चअखेरची धावपळ सुरू झाली की हे कुणी करत नाही.

जुन्या फाइली उघडायला फार वेळ लागतो. दुकानदार रॅम वाढवायला सांगतो. – वकिलांचे टंकलेखक, धुळे

नव्या फाइली पटकन उघडत असतील तर रॅम घेऊ नका. जुन्या फाइली बहुधा बंद पडलेल्या सर्व्हरवरच्या टेम्प्लेटला जोडलेल्या आहेत आणि वर्ड ते शोधत बसतं. वर सांगितलेल्या ‘डॉक्युमेंट टेम्प्लेट’च्या खिडकीत आधी स्टाइल अपडेटची टिक काढा, मग ‘नॉर्मल’ जोडा. प्रयोग एका प्रतीवर करा, मूळ दाव्याच्या फाइलवर नको. वकीलसाहेबांना विचारूनच बाकीच्या घ्या.

प्रबंधाच्या टेम्प्लेटमध्ये फॉन्ट बदलला, तरी मराठी मजकूर बदलत नाही. – संशोधक, नंदुरबार

देवनागरीचा फॉन्ट ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या कप्प्यात असतो. आकारही तिथलाच. स्टाइलमध्ये तिथे बदला. पाठवताना ऑप्शन्समधल्या ‘सेव्ह’खाली फॉन्ट एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच बसवा; फॉन्टच्या परवान्यात मुभा नसेल तर तो जात नाही. कोणता फॉन्ट चालेल हे मार्गदर्शकांना आणि विद्यापीठाच्या विभागाला विचारा, टायपिंगवाल्याला नव्हे.

आमच्या टेम्प्लेटमधली पत्ता भरणारी बटणं सहकाऱ्याकडे दिसत नाहीत. – लेखापाल, चोपडा

बटणं, मॅक्रो (ठरलेलं काम आपोआप करणाऱ्या आज्ञा), ऑटोटेक्स्ट (साठवून ठेवलेला मजकूर) टेम्प्लेटमध्येच राहतात, डॉकएक्स (.docx) म्हणजे साध्या वर्ड फाइलबरोबर जात नाहीत. सहकाऱ्याला ती डॉटएम (.dotm), म्हणजे मॅक्रो असलेल्या टेम्प्लेटची, फाइल लागेल. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने 2022 पासून मुळातच अडवले आहेत. ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करा असं कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं म्हणून करू नका. मॅक्रो कुणी लिहिला हे माहीत हवं, आणि तुमचा संगणक सांभाळणाऱ्याने तो आधी तपासायला हवा.

मोबाइलवर ही बटणं चालतील का? – तेच वाचक

नाही.