स्लो जेट बदलूनही गाडी बंद पडते

प्रश्न : माझ्या जुन्या १०० सीसी मोटारसायकलचा स्लो जेट (कार्ब्युरेटरमधील, मंद वेगात पेट्रोल पुरवणारा बारीक छिद्राचा भाग) नुकताच बदलला, तरीही सात रस्त्याच्या सिग्नलला ती बंद पडते. काय करावे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नवा जेट मूळ क्रमांकाचाच आहे ना, हे आधी पाहावे. कार्ब्युरेटरची जुळवणी इंजिन पुरते तापल्यावरच करावी. पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने आत टेकवून (जोर केल्यास टोक बिघडते) दीड ते दोन फेरे बाहेर घ्यावा, इंजिन सुरू करून तो थोडाथोडा फिरवत जिथे वेग सर्वाधिक मिळेल तिथे थांबावे आणि मग आयडलिंगच्या (गाडी उभी असताना इंजिन मंद चालू ठेवणाऱ्या) स्क्रूने वेग सुमारे १४०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) आणावा. हा मिश्रणाचा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असल्यास सैल केल्याने पेट्रोल वाढते. एअर फिल्टरच्या बाजूला असल्यास हवा. एवढे करूनही वेग स्थिरावला नाही, तर इनटेकच्या (कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधील नळीच्या) जोडातून हवा शिरते का, ते तपासावे.