सांगलीत पेठेत रात्रीही उकडतं आणि आमराईजवळ बरं वाटतं, असं का?

ऊन तेच, जमीन वेगळी. हरभट रोड, गणपती पेठेकडे घराला घर चिकटलेलं. डांबर आणि स्लॅब दिवसभर तापतात, ती धग रात्री सोडतात. वारा शिरायला वाव नाही, त्यात एसी गरम हवा बाहेर फेकणार. म्हणून हा फरक दिवस मावळल्यावर जास्त जाणवतो. रात्री दहाला पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा, कोमट लागेल. आमराईत सावली तर आहेच, शिवाय पानांतून पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खेचली जाते. मोबाइलवरचा आकडा अख्ख्या शहराला एकच, आणि हवामान केंद्राचा तापमापक सावलीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला तो सांगूच नका! वरच्या मजल्यावर असाल तर स्लॅबला पांढरा चुना मारून घ्या, फरक पडतो.