अमेरिकेसारख्या देशात इतके लोक उत्क्रांती का मानत नाहीत? त्यांना विज्ञान कळत नाही का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा अमेरिकेतला सहकारी उत्तम इंजिनियर आहे, तरी पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे आणि माणूस देवाने आहे तसाच घडवला, असं तो मनापासून म्हणतो. हे कसं काय आणि त्याच्याशी बोलायचं कसं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी टेनेसी राज्यात पीएचडी करत होते तेव्हा पाच वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांची बायॉलॉजीची प्रॅक्टिकल्स घ्यायचे. पहिल्याच सत्रात एक मुलगा तास संपल्यावर थांबला आणि म्हणाला, "मॅम, परीक्षेत जे उत्तर हवं ते मी लिहीन. पण मी ते मानत नाही." उत्क्रांती जिच्यामुळे घडते त्या नैसर्गिक निवडीवरचं सगळ्यात नेटकं उत्तर त्या वर्षी त्याचंच होतं. समजावून सांगितलं की माणसाला पटतं, असं मी तोवर धरून चालले होते.

त्याला विज्ञान कळत होतं. अडलं होतं ते 'मानण्या'पाशी, आणि या बाबतीत आपली मराठी फार नेमकी आहे. आपण देव मानतो, सोयरसुतक मानतो, कुणाला भाऊ मानतो. पाणी शंभर अंशांना उकळतं हे मात्र कुणी मानत नाही, ते नुसतं माहीत असतं. मानण्यात आपण कुणाचे आहोत, हेही येतं. त्या मुलाचे आजोबा एका छोट्या बाप्टिस्ट चर्चचे पास्टर होते. पुढे ओळख वाढल्यावर तो एकदा म्हणाला, "हे खरं धरलं तर रविवारी आजोबांसमोर बसू कसा?" याचं उत्तर माझ्या स्लाइड्समध्ये नव्हतं.

सर्वेक्षणांतही हेच दिसतं. २०१२ साली अमेरिकेत लोकांना विचारलं गेलं: 'आजचा माणूस आधीच्या प्राणिजातींपासून विकसित झाला', खरं की खोटं? ४८ टक्के 'खरं' म्हणाले. काहींना तेच वाक्य सुरुवातीला 'उत्क्रांतीच्या सिद्धांतानुसार' हे शब्द जोडून विचारलं, तर ७२ टक्के 'खरं' म्हणाले. म्हणजे सिद्धांत काय सांगतो हे पुष्कळांना ठाऊक होतं. फक्त ते स्वतःच्या तोंडून कबूल करायचं नव्हतं.

लोकमत तपासणाऱ्या प्यू या अमेरिकी संस्थेची २०१८ची पाहणी तर मी दर वर्षी मुलांना दाखवायचे. आधी 'माणूस उत्क्रांत झाला की पहिल्यापासून असाच आहे' एवढंच विचारलं आणि देवाचा विषय 'उत्क्रांत झाला' म्हणणाऱ्यांपुढेच नंतर काढला, तेव्हा ३१ टक्के लोक 'असाच आहे' म्हणाले. 'उत्क्रांत झाला, पण देवाच्या योजनेने' हा पर्याय पहिल्याच प्रश्नात ठेवला, तेव्हा हा आकडा १८वर आला. गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला सर्वोच्च मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांमध्ये तो ६६वरून ३८वर आला. देव सोडावा लागत नाही एवढं दिसलं, की बरेच जण उत्क्रांतीला ना म्हणत नाहीत. गॅलप या दुसऱ्या संस्थेच्या पाहण्यांत 'देवाने गेल्या दहा हजार वर्षांत माणूस आहे तसाच घडवला' असं म्हणणारे १९८२ साली ४४ टक्के होते, २०२४ साली ३७. देवाचा यात काहीच हात नाही म्हणणारे याच काळात ९वरून २४ टक्क्यांवर गेले. चित्र बदलतंय, पण फार सावकाश.

हे सगळं अमेरिकेतच एवढं का पेटलं? मला वाटतं, याची एक मोठी गाठ डेटनला आहे. टेनेसीतलंच हे लहानसं गाव, चॅटानूगाच्या उत्तरेला. मी मुद्दाम बघायला गेले होते. माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असं सरकारी शाळांत शिकवायला राज्याने १९२५ साली बंदी केली, आणि त्या जुलैत जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर तिथे खटला चालला. उकाडा आणि गर्दी इतकी, की एक दिवस न्यायालय बाहेर हिरवळीवर भरलं. दंड झाला शंभर डॉलर. पुढे वरच्या कोर्टाने तो तांत्रिक मुद्द्यावर रद्द केला, पण कायदा १९६७पर्यंत तसाच राहिला.

ही गोष्ट शहाणे विरुद्ध अडाणी अशी सांगितली जाते. ते मला अन्यायाचं वाटतं. सरकारच्या बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढलेले, शेतकरी-कामगारांचे नेते होते. 'बळी तो कान पिळी' हा निसर्गनियम म्हणून पोरांना शिकवला तर दुबळ्यांचं काय होईल, अशी त्यांना भीती होती. आणि राज्यानेच नेमलेलं, स्कोप्सच्या शाळेत वापरात असलेलं जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं तर ती भीती पोकळ नव्हती हे कळतं. गोरा वंश सर्वांत वरचा आणि 'कमअस्सल' माणसांची प्रजा वाढू देऊ नये, असलं त्यात छापलेलं होतं. ब्रायन यांचं विज्ञान चुकलं, माझ्या मते साफ चुकलं. पण उत्क्रांतीच्या नावाखाली त्या काळी काय काय खपवलं गेलं, हेही आपण विसरता कामा नये. खटला संपल्यावर पाचच दिवसांत ते डेटनमध्येच वारले.

पुढची लढाई बरीचशी कोर्टात झाली. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने 'बुद्धिमान रचना' नावाची कल्पना, म्हणजे जीव कुणा बुद्धिमान कर्त्यानेच घडवले असणार हे मत, वर्गात आणायचा प्रयत्न केला. २००५ साली न्यायाधीश जोन्स यांनी, हे विज्ञान नाही, नाव बदललेला सृष्टिवादच, म्हणजे देवानेच सगळं घडवलं हे मतच आहे, असा निकाल दिला. उत्क्रांतीच्या बाजूने तिथे साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर श्रद्धाळू कॅथलिक आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९९६ साली उत्क्रांती हे निव्वळ गृहीतक राहिलेलं नाही, असं म्हटलं होतं. म्हणजे ख्रिस्ती म्हणजे उत्क्रांतीविरोधी, असंही समजू नका.

आपल्याकडे दशावतार आहेत, मत्स्य-कूर्म-वराह हीच उत्क्रांती, तेव्हा आपल्याला हा प्रश्नच नाही, असं मी खूप वेळा ऐकते. मला ते पटत नाही. अवतारांच्या क्रमातलं साम्य मोहक आहे, पण त्यात प्रत्येक वेळी देव अवतरतो. पिढ्यान्‌पिढ्या साठत गेलेले छोटे बदल तिथे कुठेच नाहीत. आणि जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादेतच केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते, की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचं लिहून ठेवलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांना एकत्र निवेदन काढावं लागलं. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला आणि अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्रावर सह्या केल्या. बालभारतीच्या २०१८च्या दहावीच्या विज्ञानात मात्र, भाग दोनमध्ये, 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा होता. त्याचं मला फार बरं वाटतं.

आता तुमच्या सहकाऱ्याशी बोलायचं. 'तू उत्क्रांती मानतोस का' असं विचारू नका. त्याला ते 'तू कुणाचा' असं ऐकू येतं. देव आहे की नाही, तिथूनही सुरुवात करू नका. एखादी वस्तू दोघांनी मिळून बघा.

मी गुणसूत्रं दाखवायचे, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्या. चिंपांझीत २४ जोड्या, आपल्यात २३. पूर्वज एकच, तर एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी नाहीशी झाली तर जीव तगणार नाही, म्हणजे दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटली असली पाहिजेत. आणि तसं असेल तर खूण सापडायला हवी. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला डीएनएची एक ठरावीक अक्षरमाळ पुन्हा पुन्हा येते. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात ती टोकाची माळ मधेच आहे, दोन टोकं समोरासमोर जोडल्यासारखी. ही जागा १९९१ साली सापडली. शिवाय पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरलं जातं, तसं एक जास्तीचं, निकामी झालेलं ठिकाणही त्यावर आहे. कुणी पाहिलं होतं का, या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. पाहणारं कुणी नव्हतं, पण शिवण अजून दिसते.

त्या मुलाला मी हे दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा आला.

"गोरिलाच्याही चोवीसच जोड्या असतात का?"

"हो. ओरँगउटानच्याही."

त्याने वहीत लिहून घेतलं. तो काय मानतो हे त्याने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ती आकृती घरी न्यायला मिळेल का, एवढं मात्र त्याने विचारलं. मी त्याला रंगीत प्रिंट काढून दिली.